वर्षातला एक रविवार

कापणी झाली, भारे खळ्यावर गेले आणि शेतं मोकळी पडली की आमच्या उमेळे गावच्या हवेला एक ठरलेला वास येतो. भाताच्या धसकटांचा, वाळत चाललेल्या चिखलाचा आणि खाडीकडून येणाऱ्या मिठाचा. वर्षातले बाकीचे वास मला फारसे ओळखता येत नाहीत. माझं नाक मास्तराचं, खडू आणि शाई यांच्यापलीकडे न जाणारं. पण हा वास आला की शाळेच्या पडवीत वह्या तपासता तपासता मी थांबतो. समोरच्या शेतात पोरांनी धसकटं उपटून चौकोन साफ केलेला असतो, चुलीतली राख आणून मधली रेघ ओढलेली असते, आणि कुणीतरी छाती भरून दम घेऊन ‘हुतूतूतू’ करत त्या रेघेपलीकडे घुसलेला असतो. मग माझ्या हातून एखाद्या चुकलेल्या गणितावर बरोबरची खूण होऊन जाते. ज्याची वही असते तो पोरगा अर्थातच मला ते सांगायला येत नाही.

यंदा तो वास आला त्याच आठवड्यात फेलिक्स माझ्याकडे आला. फेलिक्स म्हणजे आमच्या गावच्या नव्या क्रीडा मंडळाचा चिटणीस. माझाच जुना विद्यार्थी, आता विशी ओलांडलेला, खिशाला दोन पेनं लावून फिरणारा. त्याच्या हातात एक लांबलचक कागद होता. त्यावर उभ्याआडव्या रेघा मारून आसपासच्या गावांची नावं लिहिली होती आणि प्रत्येक नावासमोर यंदा त्या गावाशी किती सामने खेळायचे तो आकडा. नंदाखालच्या समोरची जागा तेवढी कोरी होती.

“मास्तर, नंदाखालशी किती वेळा ठेवू?”

“मला का विचारतोस?”

“तुमी खेळलाय ना त्यांच्याशी. मंडळात दोन तट पडलेत. जुन्या संघातले पास्कूकाका म्हनतात, एकदाच. आमी पोरं म्हनतो, सहा वेळा. तुमी सांगाल ते दोघांना कबूल.”

मी म्हटलं, विचार करून सांगतो. तो खूश होऊन गेला. मास्तर सामन्यांचा विचार करणार असं त्याला वाटलं असणार. मी मात्र दिवा लावायचं विसरून तसाच पडवीत बसलो आणि माझ्या बहिणीचा विचार करत राहिलो.

नंदाखालला माझी बहीण दिली आहे. मारिया तिचं नाव. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला बाय म्हणतो. आईबाप आमचे लवकर गेले. काकाकाकीनं आम्हांला वाढवलं, आणि खरं सांगायचं तर काकाकाकीनं बायला वाढवलं आणि बायनं मला. माझे केस तीच विंचरायची, मला देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) मिस्साला तीच न्यायची, आणि उपदेशाच्या वेळी मी पेंगलो की चिमटाही तीच काढायची. ती सतरा-अठराची असताना नंदाखालच्या सांतानशी तिचं लग्न झालं. सांतान माणूस भला. केळी, पानवेल आणि रहाट यांच्यापलीकडे त्याला जग नव्हतं. बाय गेली त्या दिवशी मी फार रडलो असं काकी सांगायची. मला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी केस विंचरायला फणी कुठे ठेवलेली असते ते मला माहीत नव्हतं.

उमेळे ते नंदाखाल वाट चार कोसांची. आज हे लिहिताना वाटतं, चार कोस म्हणजे काय? सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पोचतो माणूस. पण अडचण नेमकी तिथेच होती, जेवणाला पोचण्यात. ते लढाईचे दिवस. तांदूळ रेशनवर, साखर रेशनवर, रॉकेल रेशनवर. अशा दिवसांत बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी जेवणाच्या वेळेला जाऊन उभं राहणं म्हणजे लाज. त्यातून बायची सासू मोठी हिशेबी बाई. भांड्यात तांदूळ घालताना मूठ अर्ध्यावर मिटणारी. भाऊ उगाच आला, जेवून गेला, असं तिनं एकदा म्हटलं असतं तर बायला ते वर्षभर ऐकावं लागलं असतं. बायला माहेरी आणायचं तर काकाच्या स्वतःच्याच दोन मुली लग्न होऊन गेलेल्या, त्यांचंच येणंजाणं त्याला झेपत नव्हतं. आणि पाऊस संपला की वाडीचं शिंपणं सुरू. रहाट फिरायला लागला की बायची पाळी, पाटाचे दांड फिरवत केळीच्या आळ्याआळ्यात पाणी सोडायची. ते पाणी रविवारीसुद्धा चुकत नसे.

राहता राहिला हुतूतूचा सामना.

उमेळे आणि नंदाखाल यांचा सामना वर्षातून एकदा व्हायचा, कापणीनंतरच्या एका रविवारी. माझ्या बापाच्या वेळेपासूनची ही रीत. सामना नेहमी नंदाखाललाच, कारण आमची जमीन खारट आणि कडक, पडलं की गुडघे फुटायचे. त्यांच्या शेताची माती मऊ. आम्ही नऊ गडी आणि पास्कूकाकासारखी दोन-चार जाणती माणसं अशा दोन बैलगाड्या पहाटे निघायच्या, नंदाखालच्या देवळात मिस्साला पोचायच्या. मिस्सा झाली की देवळाच्या अंगणातच आमची वाटणी होई. उमेळ्याचा एकेक गडी नंदाखालच्या एकेका घरी जेवायला. मी अर्थात बायच्या घरी. त्या दिवशी मी सुनेचा भाऊ नसे, गावचा पाहुणा असे, आणि गावच्या पाहुण्याला वाढताना सासूची मूठ उघडी राहायची. वर तीच आग्रह करायची, “घे रे, दुपारी धावायचं हाय तुला.”

आमची घरची बोली मी इथे जशीच्या तशी लिहीत नाही. लिहिली तर वाचणारा दर ओळीला अडखळेल. थोडी सोडवून लिहितो, पण त्यात बायचा आवाज पुरता येत नाही हे मला कळतं.

वर्षभर मी तिला सांगायच्या गोष्टी साठवायचो. काकाची म्हैस खाडीच्या चिखलात रुतली ती. पास्कूकाकानं नाताळला कोट घातला आणि त्यात उंदराची पिल्लं निघाली ती. मी मराठी सातवी पास झालो ती. रात्री झोपताना एकेक घोळवून बघायचो, ही आधी सांगायची की ती. आणि प्रत्यक्ष भेटलो की सगळं दहा मिनिटांत संपायचं. सासू, सांतान, शेजारपाजारचे लोक, यांच्यातून बायला आणि मला जी काय दहा मिनिटं मिळत ती मागच्या दारी, ती हातावर पाणी घालायची तेव्हा. मी मुद्दाम हळूहळू हात धुवायचो. तीही मुद्दाम बारीक धार धरायची.

लढाई संपली त्या साली मी एकवीस वर्षांचा होतो आणि आमच्या संघाचा चढाईचा पहिला गडी होतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आज माझे गुडघे बघितले तर कुणाचा विश्वासही बसणार नाही. पण त्या वर्षी माझा दम असा होता की एका दमात मी पलीकडे जाऊन तीन गडी चुकवून, चौथ्याला शिवून परत यायचो. गाडीत सगळे माझ्याच जोरावर बोलत होते. गेली तीन वर्षं आम्ही लागोपाठ हरलो होतो आणि नंदाखालची माणसं बाजारात आम्हांला बघितलं की खाकरायची. नुसती खाकरायची, बोलायची काही नाही. ते खाकरणं बंद करायचं, एवढाच त्या वर्षीचा निश्चय होता.

जेवण झालं. सुक्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी आणि शेवटी पिकलेली राजेळी केळी. मी मागच्या दारी गेलो. बाय तांब्या घेऊन आली. वाडीत रहाट थांबलेला होता, त्या एका दिवसापुरता. इतकी शांतता, की केळीच्या पानावरून दव गळून खाली पडल्याचासुद्धा आवाज यावा. खरं तर दव कधीच वाळून गेलं होतं, दुपार झाली होती. तरी मला आठवताना ते दवच आठवतं.

बाय पाणी घालेचना. तांब्या हातात धरून उभी राहिली.

“इनास, एक मागू?”

“माग की.”

“बरोबरीत सोडव.”

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, “पास्कूकाका सांगायचा ना, एका साली बरोबरी झाली तर पुढल्या रविवारी पुन्ना खेळले. तेव्हा पन बरोबरी. मंग तिसऱ्या रविवारी. तीन रविवार आली तुमची मानसं.”

रीत तशीच होती. एका बाजूचे सगळे गडी बाद झाले की त्यांच्यावर एक लोण चढायचं. देवळात संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की खेळ थांबायचा. तोवर ज्यांनी जास्त लोण चढवले ते जिंकले. लोण सारखे असले तर पुढच्या रविवारी पुन्हा सामना, पुन्हा मिस्सा, पुन्हा घरोघर जेवण.

मी हसलो. “बाय, गडी मला जिता ठेवतील काय? हरायला सांगतेस?”

“हर कुठं म्हनते मी? हरू नको. जिंकू पन नको.”

आणि मग तिनं जे सांगितलं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, पाण्याकडे बघत. घरात कुणी तिच्याशी वाईट वागत नव्हतं. सांतान मारत नव्हता, सासू उपाशी ठेवत नव्हती. फक्त तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. कामाचं तेवढं बोलायचे. पाणी सोड, पानं खुड, जेवायला वाढ. मूल झालं नव्हतं. दिवसाचा दिवस तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. “परवा रहाटाशी बोलत होते,” ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. मग तिनं धार धरली आणि मी हात धुतले. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. आपण गप्प राहिलो की मोठी माणसं त्याचा हो असा अर्थ घेतात हे मला चांगलं माहीत होतं.

सामना उभा राहिला तेव्हा शेताच्या चारी बांधांवर माणसं दाटली होती. एका बांधावर सगळ्या बायका, लाल लुगड्यांची एक रांगच. त्यांत बाय कुठे आहे ते मी आल्या आल्या बघून ठेवलं. पहिलं लोण आम्ही चढवलं, दुसरं त्यांनी, तिसरं पुन्हा आम्ही, चौथं त्यांनी. दोन-दोन. ऊन उतरलं, माडांच्या सावल्या शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत गेल्या. अंगाला माती अशी चिकटली होती की आपला गडी कोण आणि त्यांचा कोण ते जवळ गेल्याशिवाय ओळखू येईना. पाचव्या डावात त्यांचे आठ गडी बाद झाले आणि एकच उरला. उरलेला गडी म्हणजे सांतान.

सांतान काही मोठा खेळाडू नव्हता. त्याचा गुण एकच, तो मागे मागे सरायचा आणि हाती लागायचा नाही. देवळाकडे मी बघितलं. घंटा वाजवणारा म्हातारा अंगण ओलांडून दोराकडे निघाला होता. एक चढाई तेवढी होणार होती. पास्कूकाकानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी दम घेतला.

पुष्कळ वर्षं मी लोकांना सांगत आलो की खेळताना माणसाला प्रेक्षक दिसत नाहीत. इतरांचं मला माहीत नाही. मला बाय दिसत होती. तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. मला फक्त एवढंच करायचं होतं की सांतानच्या मागे थोडं धावायचं, थोडं हुकायचं, आणि घंटा व्हायची वाट बघायची. कुणाला कळलंही नसतं. सांतान मागे सरत कोपऱ्यात गेला. हुतूतूत शहाणा कोपऱ्यात जात नाही, पण त्याला ते सुचलं नाही. त्याचा खांदा माझ्या हाताच्या टप्प्यात आला, आणि मी हात टाकला.

अजून रेघ लांब होती. तिथेही दम सोडला असता तर मी बाद झालो असतो आणि सगळं तसंच राहिलं असतं. तेवढ्या वेळात माणसाला पुष्कळ विचार सुचतात. मला एकच सुचला, की उद्या बाजारात कुणी खाकरणार नाही. मी रेघ ओलांडली. पास्कूकाका ओरडला, आमचे गडी माझ्या अंगावर पडले, आणि घंटा झाली.

घंटा झाली की जो जिथे असेल तिथे उभा राहतो. सगळं शेत गप्प झालं. टोप्या निघाल्या, माना खाली गेल्या. मी प्रार्थना म्हणत होतो आणि माझा दम एवढा लागला होता की शब्द तुटत होते. मान खाली होती तरी मी तिच्याकडे बघितलं. तिचीही मान खाली होती. इतरांनी माना वर केल्या तेव्हाही तिनं केली नाही.

निघताना तिनं मला सुकेळ्यांची, वाळवलेल्या केळ्यांची, पुडी दिली. “चांगला खेळलास,” म्हणाली. सासू मागे उभी होती, तिनं म्हटलं, “पुढल्या वर्षी ये हां.” मी गाडीत चढलो.

एक गोष्ट लिहायलाच हवी. त्या संध्याकाळी मी खूश होतो. परतीच्या वाटेवर गाणी म्हटली, पुडी सगळ्यांत वाटली, आणि कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून झोपलो. वाईट वाटणं, बोचणं, हे काही त्या वेळी आलं नाही. माणूस आपली चूक करतो तेव्हा ती त्याला बहुतेक वेळा गोडच लागते. बोच यायला मला स्वतःला एकटं पडावं लागलं.

पुढच्या वर्षी मी शिक्षकाच्या ट्रेनिंगला गेलो होतो, सामन्याला जाता आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गुडघा गेला, आणि खेळत नाही तर गाडीत जागा कशाला अडवा, असं मीच म्हटलं. मग दोन वर्षं गावागावांत काहीतरी बिनसलं आणि सामनाच झाला नाही. मग मी शाळेत लागलो. अशी वर्षं जातात. एकेक वर्ष वेगळं काढून बघितलं तर प्रत्येकाला चांगलं कारण सापडतं. काका गेला, दोन वर्षांनी काकी गेली. लग्नाचं कुणी माझ्यासाठी बघायचं तर बघणारं कुणी उरलं नव्हतं, आणि स्वतः बघायची मला सवय नव्हती. आता घरी मी एकटा. संध्याकाळी शाळेतून आल्यावर कुलूप काढतो, त्याचा आवाज होतो. त्यानंतर सकाळी पोरं ‘नमस्ते’ म्हणेपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नाही. हे मला रोजचंच झालं आहे. फक्त एकदा भाकरी करपली आणि मी तव्याला म्हटलं, “सांगायचं नाहीस होय रे?” तेव्हा हातातलं उलथणं मी खाली ठेवलं. बाय त्या दुपारी हसली होती आणि मीही हसलो होतो.

पास्कूकाकाला मी फेलिक्सचा प्रश्न विचारला. तो आता सत्तरीला आला, पण हुतूतूचं नाव काढलं की मांडीवर थाप मारतो. म्हणाला, “वर्साला एकदाच. सनासारखा. दर रविवारी सन आला तर साधा भात कधी खायचा मानसानं?” फेलिक्सचं म्हणणं वेगळं. “मास्तर, एकदाच खेळून खेळ कसा सुधारेल? आनि हरलो तर वर्सभर तोंड लपवायचं? पुढल्या रविवारी उट्टं काढता आलं पायजे.”

दोघांचंही मला पटतं. माझ्या स्वभावातच हा दोष आहे. गेल्या साली मंडळानं शेजारच्या एका गावाशी सहा सामने ठेवले होते. पहिल्याला बांधावर उभं राहायला जागा नव्हती. चौथ्याला बांधावर दोन म्हातारे आणि एक गाय. रोज मरे त्याला कोण रडे, म्हणतात ते खोटं नाही. गड्यांना एकमेकांच्या सगळ्या खोडी कळून गेल्या होत्या, कोण डावीकडे झुकतो, कोण पाय धरतो. सहाव्या सामन्यात तर दोन्हीकडचे गप्पा मारत खेळत होते. पास्कूकाकाला ते बघवेना, तो उठून घरी गेला. मी मात्र शेवटपर्यंत थांबलो. मला त्या गप्पा ऐकायला आवडत होत्या. आमच्या वेळी समोरच्या संघाशी कुणी बोलत नसे, वर्षभराची खुन्नस एका दिवसात काढायची असे. त्या दिवसाची चव काही वेगळीच होती, आणि त्या चवीसाठीच तर मी त्या संध्याकाळी हात टाकला. वाट बघण्यानं भेटीला गोडी येते हे खरं. पण ही गोडी चाखणारा एकीकडे असतो आणि वाट बघणारा दुसरीकडे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

तीन दिवसांनी फेलिक्स आला. मी म्हटलं, दोन ठेव. एक इथे, एक तिथे. त्यानं ते लिहून घेतलं, खूश झाला नाही, नाराजही झाला नाही. जाताना त्याला म्हणावंसं वाटलं की बाबा, सामने किती ठेवायचे हा तुझा प्रश्न, माझा तो नव्हताच कधी. म्हटलं नाही. चिटणीस माणूस, कागदावर कुठे लिहून घेणार?

त्याच्या दुसऱ्या रविवारी मी सकाळची मिस्सा ऐकली, कोट घातला आणि एस.टी.नं नंदाखालला गेलो. सामना नव्हता, सण नव्हता, लग्न नव्हतं. आता एस.टी. आहे, रेशनची ती तंगी नाही, सासू केव्हाच गेली. त्या सामन्यानंतर सातव्या वर्षी बायला मूल झालं, आता तीन आहेत. जायला कुणाची आडकाठी नव्हती. गेली कित्येक वर्षं नव्हती.

बाय अंगणात पानांच्या जुड्या बांधत बसली होती. कमरेत जाड झाली आहे, कानाजवळचे केस पांढरे. तिनं वर बघितलं, मला बघितलं, माझा कोट बघितला, आणि हातातली जुडी खाली ठेवली.

“कोन गेला?” ती म्हणाली.

“कुणी नाही, बाय. असाच आलो.”

ती हळूच उंबऱ्यावर बसली. पोरीला म्हणाली, “बाबाला बोलव वाडीतून.” सांतान आला. पाय धुतले, डोक्याची टोपी काढून हातात घेतली आणि भिंतीशी उभा राहिला. मी म्हटलं, अहो, सगळं ठीक आहे. त्यानं मान डोलावली. शेजारची एक बाई न बोलता आत आली आणि कोपऱ्यात बसली. मला आधी हसू येत होतं. मग आठवलं. आमच्याकडे रीत आहे, मरणाची बातमी आणणारा माणूस ती दारात सांगत नाही. आधी सगळं ठीक आहे म्हणतो, घरच्यांना चार घास खाऊ देतो, मगच तोंड उघडतो. काका गेला तेव्हा मी तसंच केलं होतं. काकीच्या वेळीही. आणि त्या दोन वेळा सोडल्या तर सामन्याशिवाय मी तिच्या दारात कधी आलो नव्हतो. मी जितकं ‘कुणी नाही’ म्हणत होतो, तितकी तिची खात्री पटत होती.

जेवायला बसलो. बायनं घास घेतला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हशीची गोष्ट सांगितली, पास्कूकाकाच्या कोटाची सांगितली. त्या तिला पूर्वी सांगून झाल्या होत्या की नाही, कोण जाणे. पोरं हसली. ती नाही.

मला पोचवायला ती थांब्यापर्यंत आली. एकटीच आली, बाकी कुणाला येऊ दिलं नाही. गाडी वळणावर दिसली तेव्हा तिनं माझा कोट धरला.

“आता तरी सांग इनास. मी आयकीन.”

“कुणी गेलं नाही गं. तुला बघायला आलो.”

“मला काय झालंय?”

“तुला काही नाही झालं. पुढल्या रविवारी पण येईन.”

“सामना हाय?”

“नाही.”

ती गोंधळली. गाडी येऊन उभी राहिली, माणसं उतरायला लागली. “मंग घरात काय सांगू मी?” ती म्हणाली. “सगळे विचारतील, कशाला आलेला म्हनून.”

“सांग, भाऊ आलेला.”

“एवढंच?” ती म्हणाली, आणि सकाळपासून आवरून धरलेलं रडू तिला तिथं, भर रस्त्यात, फुटलं.